मालवणातली नंबर एकच्या फळ्याची खानावळ: जेवण झकास, फळा एकतर्फी

जेवणाला साडेचार स्टार, टीव्हीला पाच, सर्व्हिसला तीन (मॅच चालू असेल तर दोन), आणि भिंतीवरच्या टेनिस रँकिंगच्या फळ्याला किती द्यायचे ते खाली लिहितो कारण माझं खरं भांडण तिथेच आहे.

नाव लिहीत नाहीये, खानावळवाल्या काकांनीच सांगितलंय की नाव टाकू नको, मे महिन्यात आधीच पाय ठेवायला जागा नसते. एवढं सांगतो की भरड नाक्यावरून दांडीच्या बाजूला चालत निघालात की कौलारू घर, पुढे पडवी, पडवीत टेबलं, आणि टीव्हीवर क्रिकेटच्या ऐवजी टेनिस लागलेलं असेल तर तेच. मालवणात दुसरीकडे कुठे असं असेल असं मला वाटत नाही. काका तरुणपणी मुंबईला एका जिमखान्याच्या कॅन्टीनला होते, तिथे कोर्टाकडे बघत बघत चहा द्यायची सवय लागली ती लागलीच, गावी येऊन खानावळ टाकली तरी गेली नाही. बोर्डावर कुठेही टेनिसचं चित्र नाही, रॅकेट टांगलेली नाही, थीम वगैरे काही नाही, नाहीतर पर्यटकांसाठी काय काय थीम काढतात लोक हल्ली ते बघवत नाही.

जेवणाचं आधी उरकतो. बांगड्याचं तिखलं घ्या, दुसरं काही सुचत नसेल तर डोळे झाकून तेच घ्या, तिरफळं सढळ हाताने आणि सोलं बेताची, रस्सा दाट, भाताबरोबर वाटी कधी संपते कळत नाही. सुरमईची तुकडी रव्यातली, बाहेरून कुरकुरीत, पण पातळ कापतात, त्या पैशात अजून थोडी जाड चालली असती. सोलकढी ताज्या नारळाच्या रसाची, पावडरवाली नाही, दुसरा ग्लास मागितला तर पैसे लावत नाहीत. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्क्यात एकदा कचकच वाळू लागली होती, सांगितल्यावर काकींनी काही न बोलता दुसरी प्लेट आणून ठेवली. रविवारी कोंबडी वडे असतात, वडे गरम असताना खा नाहीतर चामट होतात. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ऐन सीझनमध्ये, बाहेर रांग लागलेली असताना सुद्धा तिखल्याची चव जानेवारीत होती तीच असते, पाणी वाढवलेलं नसतं, आणि हे मालवणात किती अवघड आहे ते इथे सीझनला जेवलेल्यांना विचारा.

आता फळा. हात धुवायच्या बेसिनच्या वर शाळेत असतो तसा काळा फळा आहे, त्याच्यावर खडूने, सुंदर अक्षरात, टेनिसमध्ये जगात नंबर १ वर कोण किती आठवडे होतं त्याचा हिशोब. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. खानावळ सोमवारी बंद असते आणि रँकिंग सोमवारीच नवं लागतं, त्यामुळे काका सोमवारी सकाळी चहा घेऊन फळ्यासमोर बसतात आणि बदल असेल तर करतात, बहुतेक वेळा नसतोच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं वा, काय माणूस आहे. मग नीट वाचलं. सगळ्यात वर फेडरर, २३७. त्याच्या खाली कॉनर्स १६०, मग लेंडल १५७, मग जोकोविच १२२, सॅम्प्रस १०२. म्हटलं काका हे काय, जोकोविचचे ४२८ आठवडे आहेत, फेडररचे ३१०, हा कुठला हिशोब? तर म्हणाले हा सलगचा हिशोब, मध्ये न उतरता किती आठवडे राहिला तो. आणि एकूणचा रकाना कुठे आहे? आहे की, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, बेसिनच्या नळाचं पाणी उडून निम्मा पुसलेला. म्हणजे बघा.

ज्यांना हे रँकिंग प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉइंट ५२ आठवडे टिकतात. विम्बल्डन जिंकलात की २००० मिळाले, पुढच्या वर्षी त्याच वेळी ते २००० गेले, आता परत जिंकलात तर परत २०००, पहिल्याच राउंडला हरलात तर १०. म्हणजे नंबर एकवाला माणूस दर आठवड्याला गेल्या वर्षीच्या स्वतःशी खेळत असतो, समोरचा वेगळाच. ग्रँड स्लॅमला (विम्बल्डन धरून वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा) २०००, मास्टर्सच्या स्पर्धांना १०००, मग ५०० आणि २५० च्या स्पर्धा. त्यामुळे एखादा पंधरवडा अंगात आलं आणि स्लॅम मारला असं होऊ शकतं, झालेलंही आहे बऱ्याच जणांचं, पण नंबर १ वर वर्षं काढायची म्हणजे फेब्रुवारीतली हार्ड कोर्टवरची कुणी न बघितलेली मॅच पण जिंकावी लागते. उलट पण होतं हां, चिलीचा मार्सेलो रिओस १९९८ मध्ये ६ आठवडे नंबर १ होता आणि आयुष्यात एकही ग्रँड स्लॅम सिंगल्स जिंकला नाही. पण सहा आठवडे, सहा वर्षं नव्हे.

फेडररचे २३७ काही खायचं काम नाही, ते मी पण मान्य करतो. २ फेब्रुवारी २००४ ला वर गेला तो १७ ऑगस्ट २००८ पर्यंत खाली आलाच नाही, साडेचार वर्षं. आणि त्यातली बरीच वर्षं खाली दोन नंबरला नदाल बसलेला, तो तिथे सलग १६० आठवडे होता, म्हणजे तीन वर्षांहून जास्त एक माणूस दाराशी उभा आणि दार उघडत नाही. शेवटी नदालने बीजिंग ऑलिंपिकचं गोल्ड मारलं आणि दुसऱ्या दिवशी नंबर १ झाला. काकांच्या फळ्यावर नदालचा सलगचा आकडा ५६ आहे म्हणून तो पहिल्या पाचात दिसतच नाही, एकूण २०९ असूनही, पाच वेळा वर्षअखेरीला नंबर १ राहून सुद्धा. हे मला पटत नाही. काकांचं म्हणणं एकच, "मधीच खाली उतारलो तो राजा कसलो?"

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. जिमी कॉनर्स. १९७४ च्या जुलैपासून १९७७ च्या ऑगस्टपर्यंत सलग १६० आठवडे. मग बोर्ग वर आला, किती दिवस, फक्त एक आठवडा. पुढच्या आठवड्यात कॉनर्स परत वर आणि मग सलग ८४. आता तो एक आठवडा पण कॉनर्सलाच द्या आणि बेरीज करा, १६० अधिक तो १ अधिक ८४, २४५ होतात, म्हणजे फेडररच्या वर. एका आठवड्यासाठी काकांच्या फळ्यावर कॉनर्स दोन नंबरला आहे. आणि त्या काळात रँकिंग आतासारखं दर सोमवारी नेमाने निघतही नव्हतं, मग सलग कशाला म्हणायचं यालाच काही अर्थ राहत नाही. मला वाटलं आता काका गप्प बसणार. काकांनी सुरमई पलटली आणि म्हणाले, "एक आठवडो म्हणजे एक आठवडो. झिला, फळो माझो, भिंत माझी, हिशोब पण माझोच."

बरं मी जोकोविचचा फॅन आहे हे उघड आहे तेव्हा माझी बाजू पण मांडू द्या. ४ जुलै २०११ ला पहिल्यांदा नंबर १ झाला आणि शेवटचा आठवडा संपला ९ जून २०२४ ला, म्हणजे जवळपास तेरा वर्षांचा पसारा. त्यात २०१८ मध्ये कोपराचं ऑपरेशन झाल्यावर २२ नंबरपर्यंत घसरला होता, तेव्हा इथेच याच पडवीत मी लोकांच्या तोंडून ऐकलंय की संपला हा. त्याच वर्षी विम्बल्डन मारलं, यूएस ओपन मारली आणि नोव्हेंबरात परत नंबर १. २०२० मध्ये तो वर असतानाच कोविडमुळे रँकिंग गोठवलं, ते आठवडे मोजलेच नाहीत. २०२२ ला लस घेतली नाही म्हणून ऑस्ट्रेलियातून परत पाठवला, अमेरिकेतल्या स्पर्धांना जाता आलं नाही (त्याचा निर्णय बरोबर होता असं मी म्हणत नाही, ते त्याचं तो जाणे), विम्बल्डन जिंकला तर त्या वर्षी रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी घातल्यामुळे विम्बल्डनला पॉइंटच ठेवले नव्हते, म्हणजे ट्रॉफी घरी आणि पॉइंट शून्य. एवढं होऊन २०२३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून परत वर. ८ मार्च २०२१ ला फेडररच्या ३१० ला मागे टाकलं, २७ फेब्रुवारी २०२३ ला स्टेफी ग्राफच्या ३७७ ला. वर्षअखेरीला नंबर १ आठ वेळा. माझं म्हणणं साधं आहे, वर चढून वरच राहणं एक आणि वरून पडून, मध्ये दोन नवीन पिढ्या आलेल्या असताना, परत परत वर जाणं दुसरं, आणि दुसरं मला जास्त जड वाटतं. फेडररला पण हे माहीत असणार, तो स्वतः २०१८ च्या फेब्रुवारीत ३६ व्या वर्षी परत नंबर १ झाला होताच की, आणि गंमत बघा, काकांना त्याच्या सगळ्या कारकिर्दीत तोच आठवडा सगळ्यात जास्त लाडका आहे! मी म्हटलं काका तेव्हा तर तो खाली उतरून परत वर आला होता, मग राजा कसला? त्यावर सोलकढीचा ग्लास आला, उत्तर आलं नाही.

सॅम्प्रसचं पण तसंच, १९९३ ते १९९८ ओळीने सहा वर्षं वर्षअखेरीला नंबर १, हे आजपर्यंत दुसऱ्या कुठल्या पुरुषाला ओळीने जमलेलं नाही, एकूण २८६ आठवडे, पण काकांच्या पद्धतीत तो पाचवा. मध्ये मध्ये थोडा खाली जायचा, वर्ष संपताना बरोबर वर. हे कुठल्या रकान्यात बसवणार सांगा.

बायकांच्या बाजूला मात्र काकांची पंचाईत झालीय आणि ते बघायला मजा येते. तिथे सलगमध्ये वरच्या जागेवर दोन नावं आहेत, ग्राफ १८६ आणि सेरेना १८६, दोन्ही एकाच ओळीत दाटीवाटीने लिहिलेली. सेरेना २०१३ च्या फेब्रुवारीपासून वर होती, २०१६ च्या यूएस ओपनला बरोबरीला पोचली, अजून एक आठवडा टिकली असती तर एकटी वर गेली असती, पण सेमीफायनलला प्लिस्कोवाकडून हरली आणि कर्बर नंबर १ झाली. खाली नवरातिलोवा १५६. एकूण काढलं तर ग्राफ ३७७, नवरातिलोवा ३३२, सेरेना ३१९, एव्हर्ट २६०. ग्राफचा आकडा वाचताना एक गोष्ट मनात ठेवावी लागते, १९९३ मध्ये हॅम्बर्गला मोनिका सेलेसवर कोर्टावरच चाकूने हल्ला झाला तेव्हा नंबर १ सेलेस होती, ती दोन वर्षांहून जास्त खेळली नाही, आणि १९९५ ला परतली तेव्हा तिला ग्राफबरोबर संयुक्त नंबर १ दिलं. ग्राफचा यात काही दोष नाही, पण सेलेस खेळत राहिली असती तर फळा कसा दिसला असता हा विषय काढला की काकी पण किचनमधून बाहेर येतात, त्या सेलेसवाल्या. आणि सेरेनाचा पसारा विसरू नका, पहिल्यांदा नंबर १ जुलै २००२ मध्ये, शेवटचं २०१७ मध्ये, ते पण गरोदर असताना.

फळ्याबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार फेडररची नाहीच खरं तर. एस्तेर फेर्गेरचं नाव नाही ही आहे. नेदरलँड्सची व्हीलचेअर टेनिसवाली, १९९९ मध्ये नंबर १ झाली आणि २०१३ मध्ये निवृत्त झाली तेव्हाही नंबर १ च होती, सिंगल्सच्या सलग ४७० मॅच हरली नाही. चारशे सत्तर. सलगच मोजायचं असेल ना काका तर मग हे मोजा, फेडरर कुठल्या कुठे जाईल. हे बोलल्यावर त्यांनी मान डोलावली, खडू शोधला, मिळाला नाही. अजून नाव चढलेलं नाही.

तळाच्या ओळी मात्र फार छान ठेवल्यात, त्याचे पैकीच्या पैकी मार्क. पॅट राफ्टर, १ आठवडा, जुलै १९९९. आणि बायकांमध्ये इव्हॉन गुलागाँग, २ आठवडे, १९७६. तिची गोष्ट काका प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला सांगतात, तुम्हालाही सांगतील, तेव्हा ऐकल्यासारखं करा. १९७६ मध्ये ती दोन आठवडे एव्हर्टच्या वर होती पण तेव्हाच्या कागदांत ते आलंच नाही, जुनी रेकॉर्ड तपासताना २००७ मध्ये सापडलं आणि मग जाहीर केलं. म्हणजे एकतीस वर्षं ही बाई माजी नंबर १ होती आणि तिलाच माहीत नव्हतं. आपल्याकडच्या सातबाऱ्यावरची चूक सुधारायला लागतो तेवढा वेळ.

आपल्या लोकांसाठी फळ्याच्या बाजूला वेगळी पाटी आहे, डबल्सची. सानिया मिर्झा ९१ आठवडे, पेस आणि भूपती १९९९ वाले, आणि रोहन बोपण्णा, जो जानेवारी २०२४ मध्ये ४३ व्या वर्षी पहिल्यांदा नंबर १ झाला. या पाटीवर सलग की एकूण असा वाद नाही, काका इथे एकूणच धरतात. सानियाचे आठवडे एकूण धरायचे आणि जोकोविचचे सलग, हा कुठला न्याय हो?

एक किस्सा काकींकडून ऐकलेला. १४ जुलै २०१९, संध्याकाळी पाऊस धो धो, खानावळीत गिऱ्हाईक भरलेलं, कारण त्याच दिवशी क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल, इंग्लंड न्यूझीलंड, आणि त्याच वेळी विम्बल्डनची फायनल, फेडरर जोकोविच. टीव्ही एक. काका म्हणाले, "मॅच संपल्याशिवाय चॅनल बदलूचो नाय." लोक उठून समोरच्या घरी गेले, सुपर ओव्हर तिथून ओरडण्यावरून कळत होती म्हणे. इकडे फेडररकडे पाचव्या सेटला ८-७ वर सर्व्हिस आणि दोन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे एक घेतला की ट्रॉफी, दोन्ही गेले, पाचवा सेट १३-१२, टायब्रेकवर जोकोविच, पाच तासांना तीन मिनिटं कमी. काकी सांगतात, "त्या राती ह्ये जेवक पण नाय." काका बाजूला बसून ऐकत असतात आणि शेवटी जोकोविचबद्दल त्यांचा ठरलेला प्रश्न, "तो मासळी खाणा नाय, तरी एवढो टिकलो कसो?" याचं उत्तर माझ्याकडेही नाही, तो ग्लूटेन सोडून, मांसमच्छी सोडून ३७ व्या वर्षी नंबर १ होता आणि आपण तिखलं ओरपत वाद घालतोय.

फळ्याला माझे अडीच स्टार. एकूणचा रकाना वर आला आणि फेर्गेरचं नाव चढलं तर साडेचार करीन.

कधी जायचं ते लिहितो, हे कामाचं आहे. जानेवारी बेस्ट. ऑस्ट्रेलियन ओपनच्या रात्रीच्या मॅच आपल्याकडे दुपारी दीडच्या सुमाराला सुरू होतात, म्हणजे बरोबर जेवणाची वेळ, आणि मासळीची पण रेलचेल, बांगडा स्वस्त. फ्रेंच ओपन मेअखेरीला, तेव्हा पर्यटकांची झुंबड, फार तर संध्याकाळी सहाच्या आधी जा. विम्बल्डन म्हणजे १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी चालू असते तेव्हा, ताजी सुरमई मागू नका, काकी ओरडतात, त्याऐवजी खाडीच्या कुर्ल्या असतील तर त्या, नाहीतर सुका बांगडा आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, पावसात ते सांबारं आणि गरम भात मला तर सुरमईपेक्षा आवडतो. सेंटर कोर्ट आपल्या संध्याकाळी सहाला सुरू होतं. पावसात डिशचा सिग्नल जातो, मग काका मोबाईलवर ॲप लावतात आणि सगळे त्या एवढ्याशा स्क्रीनवर वाकतात, लाईट गेली तर इन्व्हर्टर पंख्यांना नाही, टीव्हीला जोडलेला आहे, घाम पुसत जेवायची तयारी ठेवा. यूएस ओपनला जाऊच नका, एकतर निम्म्या मॅच मध्यरात्रीनंतर, आणि तेव्हा बहुतेक गणपती असतात, चाकरमानी आलेले, खानावळ बंद.

बाकी बारीकसारीक. बांगडा थाळी अडीचशेच्या आसपास, सुरमई त्या दिवशीच्या भावाप्रमाणे, आधी विचारा. यूपीआय चालतं पण रेंज गेली की चालत नाही, रोख ठेवा. पार्किंग नाही, गाडी नाक्यावर लावून चालत या. टायब्रेक चालू असताना ऑर्डर देऊ नका, ऐकू येत नाही त्यांना. चार नंबरच्या टेबलावरून टीव्ही दिसत नाही, खांब मध्ये येतो, ते टेबल टेनिसचं काही न पडलेल्या पाहुण्यांना द्यायचं असतं. शेवंड (लॉब्स्टर) हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा, आणि मिळेलच असं नाही.